कांदळपाड्याची हाक

१

वैदेहीचं काम रोज संध्याकाळी साडेसहाला संपायचं आणि ते संपवण्याची तिची रीत ठरलेली होती. आधी दिवे, मग पंखा, मग आवाज, आणि शेवटी काचेच्या दाराला कुलूप.

द्रोणागिरीतल्या ‘नीलांगण’ या नव्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, तळमजल्यावर, जिमच्या शेजारी ती खोली होती. बारा फूट रुंद, अठरा फूट खोल. जिथे आता हे सात टॉवर उभे होते, तिथे पूर्वी कांदळपाडा नावाची पंधरा-वीस घरांची वस्ती होती. भोवती मिठागरं होती, खाडीच्या पाण्याला अडवणारा मातीचा बांध होता. त्या वस्तीची आठवण म्हणून बिल्डरने एक खोली राखली होती आणि तिथे जुनं आगरी घर हुबेहूब उभं करण्याचं काम वैदेहीला दिलं होतं. छोटी संग्रहालयं मांडणं हाच तिचा व्यवसाय. कामाच्या सोयीसाठी ती, नवरा प्रसाद आणि सात वर्षांची अबोली कामोठ्याचं भाड्याचं घर सोडून इथेच चौथ्या मजल्यावर राहायला आली होती.

घर झकास जमलं होतं. शेणाने सारवलेली जमीन, मागच्या भिंतीलगत चूल, कोपऱ्यात भाताची कणगी, खुंटीला जाळं, मीठ ओढायचं लाकडी फावडं. आणि आवाज. रोज साडेसहाला टायमर लागायचा आणि भिंतीतल्या स्पीकरमधून एका म्हातारीचा आवाज यायचा. तिन्हीसांजेला बांधावर खेळणाऱ्या पोरांना घरी बोलावणारी हाक. चार नावं, आणि मग, “घरा याऽ, पानी आयलाऽ.”

ती हाक अडतीस सेकंदांची होती. वैदेहीने स्वतः बसून ती कापली होती. तिचा प्रत्येक श्वास तिला पाठ होता.

त्या बुधवारी दिवे बंद करून ती दाराशी उभी राहिली, हाक ऐकली आणि कुलूप हातात घेतलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की शेवटच्या ओळीनंतर आवाज तुटला नव्हता. कोणीतरी श्वास आत घेतला होता. नाव घेण्याआधी माणूस घेतो तसा. मग काही नाही.

तिने दिवे लावले. जमीन उंबरठ्याजवळ ओली होती. हाताएवढा डाग. खालून खाडीचं पाणी झिरपतंय, असं तिने वहीत लिहिलं आणि कुलूप लावून ती वर गेली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फाइल तपासली. अडतीस सेकंद. शेवटचा तुकडा कापलेला, सपाट. श्वास वगैरे काही नव्हता.

हॉलच्या उंच छताचा घुमारा असेल, असं तिने ठरवलं. तरी संध्याकाळी ती फोनवर वेळ मोजत उभी राहिली.

“वामन्याऽ… पुतळेऽ… जायेऽ… मुक्तेऽ…”

शेवटचं नाव बोलणारीचं स्वतःचं होतं. मुक्ताबाई, शेजारच्या गावठाणात राहणाऱ्या, शहाऐंशी वर्षांच्या. कांदळपाड्यात जन्मलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या. वैदेहीने त्यांना विचारलं होतं, लहानपणी घरी बोलवायची हाक कशी असायची?  मग डोळे मिटून त्यांनी ती हाक मारून दाखवली होती. पलीकडच्या खोलीत टीव्ही बघणारी सून ते ऐकून दारात आली होती आणि लगेच परत गेली होती.

“…घरा याऽ, पानी आयलाऽ.”

अडतीस. एकोणचाळीस. श्वास.

मग आवाज म्हणाला, “अबोलेऽ.”

वैदेहीच्या हातातला फोन एकेचाळीसवर थांबला होता. अंगठा तिने कधी दाबला, तिला कळलं नाही.

ती धावली नाही. आधी अँप्लिफायरचा दिवा बघितला. टायमरचं बटण बघितलं. कोणीतरी फाइल बदलली, गंमत केली, असं वाटून तिने रूपेशला फोन लावला. रूपेश हा बिल्डरचा साइट मॅनेजर, जवळच्याच गावातला. दुसरी किल्ली फक्त त्याच्याकडे होती.

“मॅडम, मी दोन दिवस पनवेलला हाय,” तो म्हणाला. “किल्ली माझ्याच खिशात. काय झालं?”

“काही नाही. ऑडिओत जरा गडबड आहे.”

“टेन्शन घेऊ नका. रविवारच्या उद्घाटनापर्यंत करू सगळं ओके. साहेबांना तर ती हाक एवढी आवडली, सातही लॉबीत लावायची बोलतात. रोज संध्याकाळी, पोरं खेळून घरी यायच्या टायमाला.”

वैदेहीने फोन ठेवला. उंबरठ्याजवळचा डाग आता दाराबाहेर, फरशीवर आला होता. तिने बोट लावून जिभेला लावलं. खारट.

३

रात्री तिने प्रसादला सांगितलं. प्रसाद बंदराच्या गोदामात काम करायचा, हिशोबी डोक्याचा माणूस. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हातारीने रेकॉर्डिंगच्या वेळी अबोलीचं नाव ऐकलं असेल. तू सांगितलं असशील, मला मुलगी आहे म्हणून.”

“सांगितलं होतं.”

“मग त्या बोलल्या असतील ओघात. तू तो तुकडा कापला, पण मूळ फाइल मशीनमध्ये राहिली.”

हे इतकं पटण्यासारखं होतं की वैदेहीला हलकं वाटलं. अबोली जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. वैदेहीने सहज विचारलं, “अबू, आज खेळायला कुठे होतीस?”

“खालीच. तू मला हाक मारलीस ना, मग मी वर आले.”

“मी?”

“क्लबहाऊसमधून. पण तिथे कुलूप होतं. मग मी वर आले.” अबोलीने मान वर केली नाही. “आई, तू हाक मारताना असं ओढून का बोलतेस? कोणीतरी म्हातारं बोलल्यासारखं?”

प्रसादने वैदेहीकडे पाहिलं.  उठून त्याने बाल्कनीचं दार लावून घेतलं.

४

शनिवारी वैदेही निमंत्रणपत्रिका घेऊन गावठाणात गेली. उद्घाटनाला मुक्ताबाईंच्या हातून फुलांची माळ सोडवायची, असं आधीच ठरलं होतं. पण ती आली होती विचारायला.

मुक्ताबाईंचा मुलगा गोटीराम याने तीन मजली घर बांधलं होतं. खाली दोन गाळे भाड्याने, वर कुटुंब. म्हातारी मात्र जिन्याखालच्या खोलीत खाटेवर बसून असायची. गोटीरामने वैदेहीला खुर्ची दिली आणि तो गाडी पुसायला बाहेर गेला.

“मुक्ताबाई, त्या दिवशी रेकॉर्डिंग करताना तुम्ही माझ्या मुलीचं नाव घेतलं होतं का?”

“नाय.”

“नक्की?”

म्हातारीने पत्रिका उलटसुलट करून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. “तिला हाक आयली काय?” तिने विचारलं.

 वैदेही मान हलवून हो म्हणाली.

मुक्ताबाई खाटेवरून पुढे सरकल्या. आवाज खाली आणून त्या बोलू लागल्या, आणि बोलताना एकदाही थांबल्या नाहीत.

“मी सा वरसांची व्हते. तिन्हीसांज व्हती. मी ना माजी आय, आमी दोगी बांधाव व्हतो. आय चिखल थापत व्हती. माजी भावंडां, वामन, पुतळा न् जाई, खाली खारीन, मिठागरान खेळत व्हती. न् घरान्शी हाक आयली. माजे आयचा आवाज. वामन्या म्हून. वामन गेला. मंग पुतळे म्हून. ती गेली. मंग जाई.”

“तुमची आई घरी गेली होती?”

“तसा कवा सांगितला मी? आय माजे बाजूला व्हती गो. तोंड मिटून. तिचा आवाज घरान्शी येत व्हता, न् ती माजे बाजूला.”

बाहेर गोटीराम गाडीवर पाणी मारत होता. त्याचा आवाज येत होता.

“माजे नावाची हाक आयली तवा मी ओ देनार व्हते. आयनी माजे तोंडाव हात ठेवला. चिखलाचा. दाबून धरला. मंग बांध फुटला. घर गेला. ती तीगां पोरां घरान व्हती.” म्हातारीने ओठ पुसले, जणू तिथे अजून काही लागलेलं होतं. “त्याचे मागारी आयनी मना कवा नावान् हाक मारली नाय. मरंतो टाळी वाजवायची.”

“मग तुम्ही मला ती हाक का म्हणून दाखवलीत?” वैदेहीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

“तू इचारलास, हाक कशी व्हती. हाक कशी व्हती ती मी सांगितली. कोनाची व्हती ते तू इचारलास नाय.” मग पत्रिका खाली ठेवून, “ऐंशी वरसान कोनीच काय इचारला नाय. मना वाटला, एकदा बोलली म्हंजे पोटातून भायेर जाईल.”

 ती बाहेर पडली होती, आणि वैदेहीनेच ती नेऊन भिंतीत बसवली होती.

तेवढ्यात फोन वाजला. प्रसाद होता. हसत होता.

“अगं, किती वेळ खालून हाका मारतेयस? काही विसरलीस का? अबोली चप्पलसुद्धा न घालता पळाली बघ.”

“प्रसाद, मी गावठाणात आहे.”

पलीकडचं हसणं थांबलं.

“तिला धर,” वैदेही म्हणाली. “लिफ्टची वाट बघू नको. तिला धर.”

५

गोटीरामने गाडी काढली.  गावठाण ते नीलांगण दहा मिनिटांचा रस्ता, कंटेनरच्या रांगांमधून. वैदेही फोन कानाला लावून बसली होती. प्रसादच्या धावण्याचा आवाज येत होता, जिना, मग मोकळी जागा, मग “अबू, अबू,” आणि मग बराच वेळ फक्त श्वास.

“आहे,” शेवटी तो म्हणाला. “आहे माझ्याजवळ.”

ती पोचली तेव्हा तो क्लबहाऊसच्या पायरीवर अबोलीला मांडीत घेऊन बसला होता. काचेचं दार कुलूपबंद होतं. काचेवर दोन छोट्या तळव्यांचे ठसे होते. अबोलीचे पाय घोट्यापर्यंत ओले होते, आणि फरशी मात्र कोरडी.

“तू आत होतीस,” अबोली आईला म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार होती. “म्हणालीस, घरात ये, पाणी आलंय. मी दार ढकलत होते, तू उघडलंच नाहीस.”

वैदेहीने प्रसादकडे पाहिलं.

“मी पण ऐकलं,” तो हळूच म्हणाला. “मी तुझ्याबरोबर बारा वर्षं राहतोय, वैदेही. तो तुझा आवाज होता.”

तिने त्याच वेळी आत जाऊन फाइल पुसली. अँप्लिफायर उचलून बाहेर आणला. स्पीकरच्या वायरी कापल्या. हे सगळं करताना प्रसाद दारात अबोलीला कडेवर घेऊन उभा होता आणि वैदेही मिनिटामिनिटाला वळून बघत होती. खोलीच्या मागच्या बाजूला, चुलीपाशी, दिव्याचा प्रकाश पोचत नव्हता. तिथे दिवा तिनेच लावला होता. तो चालू होता. तरी तिथलं काही दिसत नव्हतं.

रूपेशला तिने फोनवर सगळं सांगायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं.

“ऑडिओ नको तर नको, मॅडम,” तो म्हणाला. “पण उद्याचा प्रोग्राम कॅन्सल नाय होनार. पाहुने येतायत, मंडप लागला. आवाजच नाय तर घाबरायचं काय?”

 आवाज तिनेच आणला होता, आता तिनेच काढून टाकला होता. असंच असायला हवं होतं. प्रसाद म्हणाला, उद्या दुपारी कामोठ्याला माझ्या ताईकडे जाऊ. सकाळचा कार्यक्रम उरकायचा, बस.

गोटीराम निघताना वैदेहीने त्याला सांगितलं, “आईंना उद्या आणू नका.”

“ती ऐकाची नाय,” तो म्हणाला. “लुगडा काढून ठेवलाय सकाळपासून.”

६

रविवारी सकाळी दहाला लख्ख ऊन होतं. लॉनवर खुर्च्या मांडल्या होत्या, सरबत फिरत होतं. सोसायटीतल्या शंभरएक माणसांत निम्मी तरुण आई-बापं होती. मुलं खुर्च्यांमधून पळत होती. अबोलीला घरी ठेवायचं नाही, हे वैदेहीने रात्रीच ठरवलं होतं. ती जवळ असली तरच तिला दिसेल की आईचं तोंड मिटलेलं आहे.

मुक्ताबाई हिरवं लुगडं नेसून आल्या. गोटीराम त्यांना मंडपात सोडून कामाला परत गेला. भाषणं झाली. भूमिपुत्र, वारसा, ऋण हे शब्द सगळ्यांनीच वापरले. मग म्हातारीने काचेच्या दारावरची झेंडूची माळ सोडवली, टाळ्या झाल्या, दार उघडलं गेलं.

टाळ्या थांबल्या आणि आतून हाक आली.

ती मोठी नव्हती. वैदेहीला ऐकू आलं, “अबोलीऽ.” तिचा स्वतःचा आवाज, दमलेला, मायेचा, रोज जेवायला बोलवायचा. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने दोन्ही हातांनी अबोलीला पोटाशी ओढलं आणि तिच्या तोंडावर तळवा ठेवला.

मग तिने मान वर केली आणि जे दिसलं ते ती पुढे कुणालाच नीट सांगू शकली नाही. तिच्या पुढच्या रांगेतली एक बाई आपल्या ओठांवर बोटं ठेवून उभी होती. तिच्या शेजारची पण. तिच्या पलीकडची पण. सबंध लॉनवर जिथे जिथे आई होती, तिथे तिथे तिचा हात तोंडाकडे गेला होता. आपण बोललो का, हे चाचपून बघत होत्या सगळ्या. कुणीही शेजारणीकडे बघत नव्हतं.

आणि मुलं खेळ सोडून दाराकडे चालली होती. पळत नव्हती. खेळून कंटाळलेली, भूक लागलेली मुलं घरी निघतात तशी. काहींना बापांनी धरलं, कशासाठी ते न कळता. प्रसाद एका लहानग्याला उचलून मागे आणत होता. पण दोन मुली आणि एक मुलगा उंबरठ्यापाशी पोचले होते, आणि ज्यांची ती होती त्या बायका हात तोंडावर ठेवून खिळल्यासारख्या उभ्या होत्या. वैदेही दहा पावलांवर होती. तिला जाता आलं असतं. त्यासाठी अबोलीच्या तोंडावरचा हात काढावा लागला असता. तिने काढला नाही.

तेव्हा मुक्ताबाई खुर्चीवरून उठल्या.

“आयले गं आय,” त्या म्हणाल्या. सहा वर्षांच्या मुलीला शोभेल अशा स्वरात, जरा घाईने, उशीर झाल्याबद्दल माफी मागितल्यासारखं.

त्यांनी तिन्ही मुलांना हाताने बाजूला केलं आणि त्या आत गेल्या.

वैदेहीने त्यांना जाताना पाहिलं. ती खोली अठरा फूट खोल होती, तिने स्वतः मापली होती. म्हातारीची पावलं छोटी, तरी पंधरा-सोळा पावलांत मागची भिंत लागायला हवी होती. मुक्ताबाई चुलीपाशी पोचल्या आणि चालतच राहिल्या. त्यांचं पांढरं डोकं लहान होत गेलं. पुढे, फार पुढे, कोणीतरी वाकून उभं होतं, लहान मुलाला उचलून घ्यायला वाकतात तसं. त्याचे दोन्ही गुडघे मागच्या बाजूला वळलेले होते.

वैदेहीने डोळे मिटले.

तिने ते उघडले तेव्हा हाक थांबली होती. उंबरठ्यावरचा मुलगा रडत होता. त्याची आई धावत गेली आणि त्याला छातीशी धरून तीही रडू लागली.

७

मुक्ताबाई चुलीजवळ पडलेल्या सापडल्या, भिंतीपासून हातभर अंतरावर. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. सोसायटीतल्याच एका डॉक्टरने नाडी बघितली आणि मान हलवली. वय झालं होतं, ऊन होतं, गर्दी होती, असं तो म्हणाला, आणि हे ऐकून सगळ्यांना बरं वाटलं.

कुणाला काही ऐकू आलं का, असं रूपेशने दोघातिघांना विचारलं. नाही, म्हणाले. त्या बायकाही नाही म्हणाल्या. एकीने अजून ओठांवरचं बोट काढलं नव्हतं.

गोटीराम आईला न्यायला आला तो गर्दी बघून आत धावला. वैदेही अबोलीला कडेवर घेऊन दाराबाहेर उभी होती. सात वर्षांची पोर कडेवर जड होते. खांदा दुखून आला होता, पण तिला खाली ठेवायची तिची हिंमत नव्हती. वैदेहीला रडू यायला हवं होतं. येत नव्हतं. मनात फक्त सुटका होती, की आत गेली ती अबोली नव्हती. तिला स्वतःची शिसारी आली, आणि तरी ती सुटका गेली नाही.

थोड्या वेळाने गोटीराम बाहेर आला. त्याचा सदरा ओला झाला होता. त्याने जमलेल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं.

“खुर्चीव बसून रव म्हून सांगून गेलो व्हतो मी,” तो म्हणाला. “तिला आत बोलावला कोनी?”

माणसं खाली बघू लागली.  अबोलीने आईच्या मानेत तोंड लपवलं.

“मी बोलावलं,” वैदेही म्हणाली.